इंग्रजी व्याकरणाच्या संज्ञा स्पॅनिशमध्ये नेताना एकास एक शब्द मिळतच नाहीये, काय करावं?

शर्वरी_भाषा

नमस्कार मंडळी. मी इंग्रजी-स्पॅनिश अनुवादाची कामं घेते, बहुतेक मॅन्युअल्स, करार, असलंच. आता जरा वेगळं काम आलंय. स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवणारं एक पुस्तक आहे, मूळ सगळं इंग्रजीत, त्यातली व्याकरणाची स्पष्टीकरणं आणि मागची शब्दसूची स्पॅनिशमध्ये करायचीये. क्लायंटचं म्हणणं असं की पुस्तक मेक्सिको आणि स्पेन दोन्हीकडे जाणार आहे, आणि एका इंग्रजी संज्ञेला एकच स्पॅनिश शब्द हवा, म्हणजे एकदा टर्मबेसमध्ये (ठरलेल्या संज्ञांच्या यादीत) टाकला की पुस्तकभर तोच.

सुरुवात मस्त झाली. नाउनला सुस्तांतिवो, व्हर्बला वेर्बो, अ‍ॅडव्हर्बला आद्वेर्बिओ, प्रीपोझिशनला प्रेपोसिसिओन, सगळं लॅटिनमधून आलेलं त्यामुळे डोळे मिटून जातं. पण पुढे गाडी अडली. सिंपल पास्टला मला वेगवेगळ्या पुस्तकांत तीन नावं सापडली. जेरंडला हेरुंदिओ टाकलं तर स्पष्टीकरणच चुकीचं वाटायला लागतं. आणि फ्रेज, क्लॉज, सेंटेन्स (शब्दगट, उपवाक्य, वाक्य) ह्या तिघांचं तर काही विचारू नका, प्रत्येक पुस्तकात वेगळी वाटणी.

कोणी हे काम केलंय का? आणि जे स्पॅनिश शिकवतात त्यांनीही सांगा, तुम्ही वर्गात कुठली नावं वापरता? (स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहितेय, J अक्षराला ह लिहिलाय, समजून घ्या.)

ह्यूस्टनकर

शर्वरीताई, जेरंडबद्दल मी सांगतो कारण हे मी दर आठवड्याला बघतो. आमच्या इथल्या लायब्ररीत मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग चालतो, तिथे मी मदतीला जातो, येणारे बहुतेक मेक्सिको, होंडुरास, एल साल्वादोरचे.

पुस्तकात वाक्य असतं, स्विमिंग इज गुड फॉर यू. वर हेडिंग जेरंड, आणि बाजूला कोणीतरी छापून ठेवलंय हेरुंदिओ. आता स्पॅनिश माणसाच्या डोक्यात हेरुंदिओ म्हणजे नादांदो, कोमिएन्दो, म्हणजे आपलं पोहत, खात. तो ते वाक्य स्पॅनिशमध्ये मनात मांडून बघतो, "नादांदो एस बुएनो", आणि लगेच मान हलवतो, कारण असं स्पॅनिशमध्ये कोणी बोलतच नाही. पोहणं चांगलं असं म्हणायचं तर स्पॅनिशमध्ये नादार एस बुएनो म्हणतात, म्हणजे मूळ क्रियापद, इन्फिनितिवो. त्यामुळे मग तोच माणूस इंग्रजी लिहिताना टू स्विम इज गुड असं लिहितो, आणि आफ्टर टू ईट, विदाउट टू सी असली वाक्यं येतात. कारण स्पॅनिशमध्ये देस्पुएस दे कोमेर, सिन वेर असंच असतं, प्रीपोझिशननंतर सरळ इन्फिनितिवो.

म्हणजे बघा, इंग्रजी जेरंडचं काम स्पॅनिशमध्ये इन्फिनितिवो करतं, आणि स्पॅनिश हेरुंदिओचं काम इंग्रजीत प्रेझेंट पार्टिसिपल करतं. शब्द दिसायला जुळे आणि काम एकदम उलटसुलट. त्यातही पूर्ण जुळत नाही, इंग्रजीत अ बॉक्स कंटेनिंग बुक्स चालतं पण स्पॅनिशमध्ये "ऊना काहा कोन्तेनिएन्दो लीब्रोस" हे चांगल्या भाषेत बसत नाही, के कोन्तिएने लीब्रोस म्हणायला हवं. स्पेनमध्ये सरकारी राजपत्रात असलं पुष्कळ असतं म्हणून त्याला राजपत्राचं हेरुंदिओ असंच नाव पडलंय.

माझं मत, हेरुंदिओ टाकू नका. "फोर्मा एन आयएनजी" लिहा, म्हणजे आयएनजीवालं रूप. बरीच पुस्तकं हेच करतात आणि ते बरोबर आहे, कारण इंग्रजीतलं ते रूप एकच आहे, कामं अनेक आहेत, विद्यार्थ्याला आधी रूप ओळखू दे मग काम सांगा.

प्रोफे_पुणे

ह्यूस्टनकरांशी शंभर टक्के सहमत. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, काळांच्या नावांबद्दल लिहिते, जरा लांबेल.

तुम्हाला तीन नावं सापडली ती कुठून आली ते समजलं की निवड सोपी होते. कांते म्हणजे मी गायले, ह्या रूपाला स्पेनमधल्या शिकवणीच्या पुस्तकांत अजूनही प्रेतेरितो इंदेफिनिदो म्हणतात, नुसतं इंदेफिनिदो. रिआल अकादेमियानेच, म्हणजे स्पेनच्या भाषा-अकादमीनेच, आधी हे नाव चालवलं होतं, मग 1973 च्या त्यांच्या व्याकरणाच्या आराखड्यात प्रेतेरितो पेर्फेक्तो सिंप्ले आलं. आणि तिसरं नाव नुसतं प्रेतेरितो, हे आंद्रेस बेयो यांचं.

बेयो हा माणूस आपल्याकडे फारसा माहीत नाही पण ह्या विषयात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. जन्म 1781 चा काराकासचा, मग बरीच वर्षं लंडनमध्ये, मग चिलीला गेले, 1843 मध्ये चिली विद्यापीठाचे पहिले रेक्टर झाले आणि 1847 मध्ये स्पॅनिशचं व्याकरण लिहिलं, शीर्षकातच लिहिलंय की हे अमेरिकेतल्या लोकांच्या वापरासाठी आहे. दक्षिण अमेरिकेतले देश नुकते स्वतंत्र झाले होते, वीस देशांत वीस भाषा होऊ नयेत ही त्यांना खरीखुरी काळजी होती. त्यांनी लॅटिनची जुनी नावं बाजूला ठेवली आणि काळांना अशी नावं दिली की नाव वाचलं की काळ कळतो. प्रेतेरितो म्हणजे बोलण्याच्या आधीचं. को म्हणजे सोबत, म्हणून कांताबा हे कोप्रेतेरितो, भूतकाळातल्या एखाद्या गोष्टीच्या सोबत चालू असलेलं. पोस म्हणजे नंतर, म्हणून कांतारिया हे पोसप्रेतेरितो, भूतकाळातल्या क्षणानंतरचं, "तो म्हणाला की येईन" मधलं येईन. आंते म्हणजे आधी, म्हणून ए कांतादो हे आंतेप्रेसेन्ते आणि आबिआ कांतादो हे आंतेकोप्रेतेरितो. मला ही रचना फार सुंदर वाटते, इतक्या तर्काने बसवलेली नावं कुठल्याच दुसऱ्या व्याकरणात मी बघितलेली नाहीत.

आता व्यवहाराचं. मेक्सिकोच्या शाळेत मुलं प्रेतेरितो, कोप्रेतेरितो, पोसप्रेतेरितो असंच शिकतात. स्पेनच्या शाळेत पेर्फेक्तो सिंप्ले, इंपेर्फेक्तो, कोंदिसिओनाल. 2009 मध्ये अकादेमिया आणि बाकी देशांच्या अकादमींनी मिळून जे नवं मोठं व्याकरण काढलं त्यात दोन्ही नावं शेजारी शेजारी दिलीत. तुमचं पुस्तक दोन्हीकडे जाणार असेल तर तुम्हीही तेच करा, पहिल्यांदा संज्ञा येते तिथे दोन्ही आणि मग पुढे एकच. क्लायंटला सांगा की अकादमी स्वतःच दोन देते, मग वाद राहत नाही.

पण खरा धोका वेगळा आहे. तुम्ही सिंपल पास्टला पेर्फेक्तो सिंप्ले म्हणालात आणि प्रेझेंट परफेक्टला पेर्फेक्तो कोंपुएस्तो, तर मुलांना वाटणार की दोन्ही जोड्या सारख्या. माद्रिदचा माणूस आज दुपारी जेवला तर "ओय ए कोमिदो" म्हणेल, मेक्सिको सिटीचा माणूस त्याच जेवणाला "ओय कोमी" म्हणेल. म्हणून माद्रिदच्या मुलाला इंग्रजीत आय हॅव इटन अ‍ॅट टू ओक्लॉक टुडे म्हणावंसं वाटतं जे चुकीचं आहे, आणि मेक्सिकोच्या मुलाला आय हॅव कुठे लावायचं तेच सुधरत नाही. शिवाय आय हॅव लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स हे स्पॅनिशमध्ये वर्तमानकाळात जातं, येवो दिएस आन्योस विविएन्दो आकी. मराठीतही बघा ना, मी दहा वर्षं इथे राहतेय. म्हणून इंग्रजी काळांची नावं स्पॅनिश नावांत भाषांतरित न करता इंग्रजीच ठेवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं: एल प्रेझेंट परफेक्ट, एल पास्ट सिंपल. स्पेनमधली शाळेची इंग्रजी पुस्तकं असंच लिहितात. शब्दसूचीत मात्र जवळची स्पॅनिश नावं द्या, "साधारण हे, पण वापर वेगळा" अशा टिपेसकट.

शर्वरी_भाषा

प्रोफे, खूप खूप आभार, बेयोंचं हे सगळं मला माहीत असायला हवं असं वाटलं एकदम, आजच वाचायला घेते. काळांची नावं इंग्रजीच ठेवायची हे क्लायंटला पटवता येईल असं वाटतंय कारण त्यांच्या जुन्या एका पुस्तकात तसं आहे.

आता फ्रेज-क्लॉज-सेंटेन्सचं सांगा कोणीतरी. मी सेंटेन्सला ओरासिओन घेतलंय. मग क्लॉजला काय? ओरासिओन सुबोर्दिनादा म्हणायचं तर मेन क्लॉजचं काय करायचं? आणि फ्रेजला फ्रासे घेऊ का?

डोंबिवलीचा_लोकलायझर

फ्रासे अजिबात नको. रोजच्या स्पॅनिशमध्ये फ्रासे म्हणजे जवळपास वाक्यच, "एक छान फ्रासे" म्हणजे एखादं सुवचन. नाउन फ्रेजला स्पेनच्या शाळेत सिंताग्मा नोमिनाल म्हणतात, प्रोफेंनी सांगितलेल्या 2009 च्या व्याकरणात ग्रुपो नोमिनाल आहे, लॅटिन अमेरिकेत काही ठिकाणी फ्रासे नोमिनाल पण दिसतं. मी असतो तर ग्रुपो नोमिनाल घेतलं असतं, न शिकलेल्या माणसालाही ग्रुपो म्हणजे गट हे कळतं.

क्लॉजला एक शब्द शोधूच नका. स्पॅनिश परंपरेत क्लॉज पण ओरासिओन आणि सेंटेन्स पण ओरासिओन, फरक विशेषणाने दाखवतात: ओरासिओन प्रिन्सिपाल, ओरासिओन सुबोर्दिनादा, ओरासिओन दे रेलातिवो. नुसतं क्लॉज आलं तर क्लाउसुला टाकता येईल पण बऱ्याच लोकांना क्लाउसुला म्हटलं की कराराचं कलम आठवतं, तुम्ही करार करता म्हणजे तुम्हाला माहीतच असेल. म्हणून टर्मबेसमध्ये नुसता क्लॉज ठेवूच नका, मेन क्लॉज, रिलेटिव्ह क्लॉज, इफ क्लॉज अशा वेगवेगळ्या नोंदी करा.

आणि हो, सेंटेन्सला सेन्तेन्सिआ कुठेही घुसू देऊ नका. सेन्तेन्सिआ म्हणजे कोर्टाचा निकाल. प्रोग्रॅमिंगवाले स्टेटमेंटला सेन्तेन्सिआ म्हणतात, त्यामुळे मशीन ट्रान्सलेशनमध्ये ते कधीकधी येतं, मी एका अ‍ॅपच्या स्ट्रिंग्ज तपासताना बटणावर बघितलंय.

अजून एक जे टर्मबेसवाले विसरतात. सब्जेक्ट. वाक्यातला सब्जेक्ट सुहेतो, ईमेलचा सब्जेक्ट आसुन्तो, शाळेतला सब्जेक्ट स्पेनमध्ये आसिग्नातुरा आणि अमेरिकेत जास्त करून मातेरिया. पुस्तकात ईमेल लिहायचा धडा असणारच, तिथे ऑटोमॅटिक सुहेतो पडेल. तसंच टेन्स, टाइम आणि वेदर हे तिन्ही तिएम्पो होऊ शकतात, त्यामुळे टेन्सला कायम तिएम्पो वेर्बाल असं पूर्ण लिहा. सूचनांच्या वाक्यांचंही बघा, चूझ द करेक्ट आन्सर ह्याला तू धरून एलिहे, उस्तेद (आदराचं तुम्ही) धरून एलिहा, अर्जेंटिनात एलेही. दोन देशांसाठी एकच पुस्तक असेल तर उस्तेद धरून लिहा नाहीतर सरळ इन्फिनितिवो, एलेहिर ला रेस्पुएस्ता.

अवनी_सांगली

मी स्पॅनिशची विद्यार्थिनी आहे, अनुवादक नाही, पण एक मुद्दा मांडावासा वाटतो. आपण सगळे इंग्रजीतून स्पॅनिश शिकतो कारण पुस्तकं इंग्रजीत आहेत, आणि मग इंग्रजीच्या संज्ञांमधून स्पॅनिश समजून घेताना नको तिथे अडतो. मला स्पॅनिश खरी उमगायला लागली ती मधलं इंग्रजी काढून टाकल्यावर.

मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस. इंग्रजीत आय लाइक, आय कर्ता, आंबा कर्म, आणि पुस्तकात दोन पानं समजावणं की गुस्तार हे उलटं क्रियापद आहे. उलटं कसलं? मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. तंतोतंत तेच, क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं. मग वेओ ला कासा पण वेओ आ मारिया, ह्या मधल्या "आ"ला इंग्रजी पुस्तकं पर्सनल ए म्हणतात आणि नियम पाठ करायला लावतात. मी घर बघते, मी मारियाला बघते. आपला "ला" तिथेच लागतो, जवळपास त्याच कारणाने! से मे कायो एल वासो, माझ्या हातून ग्लास पडला. ह्याला तर इंग्रजीत धड वाक्यच नाही, आय ड्रॉप्ड द ग्लास म्हटलं की सगळा दोष माझ्यावर.

आणि काळ तर विचारूच नका. बिनो म्हणजे आला, आ बेनिदो म्हणजे आला आहे, बेनिआ म्हणजे यायचा. इंग्रजीवाल्यांना इंपेर्फेक्तो शिकायला महिने लागतात, आपल्याकडे रीतिभूतकाळ आधीच आहे. त्यामुळे मला वाटतं शर्वरीताईंनी प्रत्येक संज्ञेचं वाक्य आधी मराठीत करून बघावं, मग स्पॅनिश निवडावं.

प्रोफे_पुणे

अवनी, गुस्तार आणि "आ" बद्दल अगदी बरोबर, मी वर्गात पहिल्याच महिन्यात हेच करते आणि मुलांचे चेहरे उजळतात. पण दोन ठिकाणी सांभाळ. बेनिआ म्हणजे यायचा, पण बेनिआ म्हणजे येत होता पण. इंपेर्फेक्तो एकच आणि आपल्याकडे दोन रूपं, त्यामुळे मराठीवरून गेलीस की येत होताला मुलं एस्ताबा बिनिएन्दो वापरत सुटतात, जिथे साधं बेनिआ पुरतं. दुसरं म्हणजे पैसे असते तर घर घेतलं असतं, आपल्याकडे दोन्ही बाजूंना असता-असतं, स्पॅनिशमध्ये सी तुबिएरा (असते तर) एकीकडे सुबहुन्तिवो आणि कोंप्रारिया (घेतलं असतं) दुसरीकडे कोंदिसिओनाल, दोन वेगळी रूपं. मराठी मुलं दोन्हीकडे तुबिएरासारखं रूप लावतात.

आणि मराठीच्या संज्ञाही काही आभाळातून पडलेल्या नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा समोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता, मग 1911 मध्ये मोरो केशव दामल्यांनी मराठीची स्वतःची रचना नीट धरून मोठं व्याकरण लिहिलं. बेयोंना लॅटिनपासून जे करावं लागलं तेच दामल्यांना इंग्रजी-संस्कृतपासून करावं लागलं. त्यामुळे शर्वरी, तुमचा क्लायंट एकास एक मागतोय ते मिळणं शक्य नाही हे त्याला न घाबरता सांगा, कारण ही नावं ज्या भाषेसाठी घडली तिचाच आकार त्यांच्यात आहे. दुसऱ्या भाषेला ती अंगावर बसतील असं नाही.

ह्यूस्टनकर

एक राहिलं, फ्रेझल व्हर्ब. पुस्तकात नक्की असणार. वेर्बो फ्रासाल म्हणतात पण स्पॅनिश माणसाला त्यातून काही बोध होत नाही कारण त्यांच्या भाषेत ती गोष्टच नाही. टर्न ऑफ, गिव्ह अप, रन आउट ह्याला त्यांच्याकडे अपागार, रेंदिर्से असे सरळ एक शब्द. वेर्बो फ्रासाल लिहिलं तरी खाली दोन ओळी लिहाच की क्रियापदाला छोटा शब्द चिकटला की अर्थ बदलतो. आमच्या वर्गात तो छोटा शब्द फळ्यावर वेगळ्या रंगाने लिहितो, तेवढ्यानेच निम्मं काम होतं.

शर्वरी_भाषा

मंडळी, तुमच्यामुळे काम मार्गी लागलं. क्लायंटला मेल टाकलाय: काळांची नावं इंग्रजीत आणि सूचीत दोन्ही परंपरांची स्पॅनिश नावं, जेरंडऐवजी फोर्मा एन आयएनजी, नुसता क्लॉज काढून टाकायचा, सूचना उस्तेदमध्ये. "एकास एक" ची अट त्यांनी सैल केली, म्हणाले टिपा चालतील पण छोट्या हव्यात.

एक शेवटचं. विरामचिन्हांच्या पानावर इंग्रजीत टिल्डा असं आहे आणि चित्रात तो एन्ये (ñ) अक्षरावरचा नागमोडी आहे. तिल्दे लिहू ना?

डोंबिवलीचा_लोकलायझर

नका लिहू. तिल्दे म्हटलं की स्पॅनिश वाचक काफेच्या ए वरची तिरकी रेघ समजतो, शाळेत तोच अर्थ शिकवतात. नागमोडीला बिर्गुलिया लिहा. आणि त्याच पानावर हायफन आणि डॅश असतील तर हायफन गिओन, डॅश राया, दोन्ही वेगळे ठेवा, कारण स्पॅनिशमध्ये संवाद रायाने सुरू होतात आणि वाचकाला ते फार महत्त्वाचं असतं. फुल स्टॉपला पण नुसतं पुन्तो ठेवा, पुन्तो ई सेगिदो, पुन्तो ई आपार्ते हे त्यांचे वेगळे प्रकार आहेत, ओळ चालू राहते का नवा परिच्छेद त्यावरून ठरतात, इंग्रजी फुल स्टॉपला त्यातला कुठलाच एक बसत नाही.

शर्वरी_भाषा

बिर्गुलिया टाकलं. राया-गिओनची नोंद वेगळी केली. पुढच्या आठवड्यात रिपोर्टेड स्पीचचा धडा येतोय, एस्तिलो इंदिरेक्तो घेतलंय, तिथे काळ बदलतात ते बघताना प्रोफे, तुमचे बेयो लागणारच आहेत, तेव्हा परत विचारीन.